विषाणू, अवयव आणि पहिल्या वर्षाचे आकडे

एखादा विषाणू अमुक अवयवाला इजा करतो, या साध्या वाक्यात पाच-सहा निरनिराळे दावे एकत्र बांधलेले असतात. त्या अवयवाच्या पेशींत विषाणूला शिरता येते, तो तिथवर पोचून खरोखर शिरतो, शिरल्यावर वाढतो, त्यामुळे पेशी सुजतात किंवा मरतात, त्यातून अवयवाचे काम बिघडते, आणि संसर्ग ओसरल्यावरही हा बिघाड उरतो. प्रत्येक पायरीचा पुरावा वेगळा, तो मिळवण्याची पद्धत वेगळी आणि त्यात फसण्याच्या जागाही वेगळ्या. नव्या साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत येणारे शोधनिबंध बहुधा यांतल्या एखाद्याच पायरीविषयी बोलतात. वाचणारे मात्र थेट शेवटच्या पायरीवर जाऊन उभे राहतात. २०२० मध्ये कोविड-१९ आणि हृदय या विषयावर जे लिहिले गेले त्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि त्या संशोधनाचे पुढे काय झाले हेही आता बऱ्यापैकी ठाऊक आहे.

पहिली पायरी रिसेप्टरची. सार्स-कोव्ह-२ हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, हे साथीच्या सुरुवातीलाच कळले. २००३ च्या सार्स विषाणूचा रिसेप्टरही हाच होता. हे प्रथिन आतड्याच्या अस्तरात, मूत्रपिंडाच्या नलिकांत, हृदयाच्या स्नायूत आणि वृषणांतही असते. तेवढ्या आधारावर या सगळ्या अवयवांना धोका असल्याचे लेख लगोलग छापून आले. पण फुप्फुसात एसीई-२ आतडे किंवा मूत्रपिंडापेक्षा बरेच कमी असते, आणि कोविडने माणसे गेली ती मुख्यतः फुप्फुसांच्या आजाराने. नुसत्या रिसेप्टरच्या प्रमाणावर आजार ठरला असता, तर कोविड हा आधी पोटाचा विकार झाला असता. विषाणूला टीएमपीआरएसएस-२ सारख्या विकराची मदत लागते. शिवाय श्वासमार्गातून रक्तात आणि रक्तातून दूरच्या अवयवापर्यंत पोचावे लागते. रुग्णांच्या रक्तात विषाणूच्या आरएनएचे अंश सापडले, पण संसर्ग करू शकणारा विषाणू तिथून क्वचितच मिळाला. कडी उघडी होती म्हणून चोरी झालीच असे होत नाही.

दुसरी पायरी विषाणू प्रत्यक्ष अवयवात सापडण्याची. इथे एक प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२० मध्ये चीनमधील संशोधकांनी कोविडने मरण पावलेल्या २६ रुग्णांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली छायाचित्रे होती: नलिकेच्या पेशींत छोटे गोल कण, त्यांच्या कडेने काट्यांसारखी झालर. हाच तो कोरोनाविषाणू, असे निबंधात म्हटले होते. आयुष्यभर असे काप पाहत आलेल्या सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञांनी त्यावर हरकत घेतली. कोणत्याही निरोगी पेशीत बाहेरचे पदार्थ आत ओढून घेणाऱ्या लहान पिशव्या असतात. त्यांच्यावर क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाचे आवरण असते आणि पातळ कापात ते आवरण काट्यांसारखेच दिसते. आकारही विषाणूच्या जवळपास जाणारा. फरक कुठे पाहायचा, हे जाणकारालाच कळते. कोरोनाविषाणू पेशीतल्या पोकळ्यांच्या आत जमतो, त्याचे काटे त्या पोकळीकडे वळलेले असतात आणि कणाच्या पोटात गुंडाळलेल्या आरएनएचे काळे ठिपके दिसतात. क्लॅथ्रिनच्या पिशव्या पेशीद्रवात सुट्या असतात आणि त्यांत हे ठिपके नसतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात विषाणू दाखवणाऱ्या, लॅन्सेटमध्ये आलेल्या तीन रुग्णांवरच्या अहवालातील छायाचित्रांवरही असाच आक्षेप आला. तिथे दिसणारे कण म्हणजे पेशीतल्या आंतर्द्रव्य जालिकेचे आडवे काप आहेत, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले.

याचा अर्थ मूत्रपिंडाला काही होत नव्हते असा नाही. अतिदक्षता विभागातल्या अनेक कोविड रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि त्यांना डायलिसिस लागत होते. पण कमी झालेला रक्तदाब, प्राणवायूची कमतरता, रक्ताच्या गुठळ्या, औषधे आणि सर्वांगात पेटलेला दाह ही कारणे समोर असताना विषाणूचा थेट हल्ला हे कारण वेगळे सिद्ध करावे लागते. ते चित्रांनी सिद्ध झाले नव्हते.

पीसीआर चाचणीतही असाच घोटाळा होऊ शकतो. ही चाचणी विषाणूच्या जनुकीय तुकड्याची नोंद करते. तो तुकडा जिवंत विषाणूचा आहे की मेलेल्याचा, स्नायूतला आहे की त्या स्नायूतून वाहणाऱ्या रक्तातला, हे ती सांगत नाही. हॅम्बुर्गच्या संशोधकांनी या बाबतीत चांगली काळजी घेतली. त्यांनी ३९ मृतांच्या हृदयांची तपासणी केली. या व्यक्तींचे मध्यक वय ८५ वर्षे होते आणि बहुतेकांच्या मृत्यूचे कारण न्यूमोनिया होते. २४ हृदयांत विषाणूचा आरएनए मिळाला, त्यांपैकी १६ मध्ये तो लक्षणीय प्रमाणात होता. सर्वाधिक भार असलेल्या ५ हृदयांत विषाणू वाढत असल्याची खूणही दिसली. पण विषाणू मुख्यतः स्नायुपेशींच्या मधल्या जागेतल्या पेशींत होता, स्नायुपेशींत नव्हे. आणि विषाणू असलेल्या हृदयांत दाहपेशींची संख्या विषाणू नसलेल्या हृदयांपेक्षा वाढलेली नव्हती. म्हणजे दुसरी पायरी काही अंशी पार झाली, तिसरीची खूण मिळाली, चौथी मात्र या नमुन्यात दिसली नाही. निबंधात हे स्वच्छ लिहिले होते. बातम्यांत उरले ते एवढेच की विषाणू हृदयात सापडला.

पुढे निरनिराळ्या देशांतल्या २२ निबंधांमधील २७७ शवविच्छेदनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. मूळ निबंधांनी मिळून सुमारे ७.२ टक्के हृदयांत हृदयस्नायुदाह नोंदवला होता. आढावा घेणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांनी काटेकोर कसोटी लावली, म्हणजे दाहपेशींच्या शेजारी स्नायुपेशी प्रत्यक्ष मरत असल्याचे दिसलेच पाहिजे. तेव्हा खरे प्रमाण २ टक्क्यांच्या खाली असावे असे त्यांचे मत झाले. लहान गुठळ्या आणि इतर प्रकारची इजा त्याहून अधिक हृदयांत होती. हृदयाचे नुकसान आणि हृदयस्नायुदाह या दोन गोष्टी एक समजल्या गेल्या, हा त्या काळातला मोठा गोंधळ.

याच गोंधळाचे दुसरे रूप ट्रोपोनिन या रक्तचाचणीत दिसते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायुपेशीतले प्रथिन. पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरते. इजा कशाने झाली हे मात्र त्यावरून कळत नाही. हृदयविकाराचा झटका, प्राणवायूची कमतरता, जंतुदोष, फुप्फुसातील गुठळी, जुना मूत्रपिंडविकार, यांपैकी कशानेही ते वाढते. वुहानच्या एका रुग्णालयातील ४१६ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८२ जणांत, म्हणजे १९.७ टक्क्यांत, हृदयाला इजा झाल्याची खूण होती. या गटातील ५१.२ टक्के रुग्ण दगावले, उरलेल्यांतील ४.५ टक्के. फरक मोठा आहे आणि डॉक्टरांना तो उपयोगाचाही ठरला, कारण ट्रोपोनिन वाढलेल्या रुग्णावर जास्त लक्ष ठेवायला हवे हे त्यातून कळले. पण ज्यांच्यात इजा दिसली त्यांचे मध्यक वय ७४ होते, इतरांचे ६०; त्यांच्यात रक्तदाब आणि जुने हृदयविकारही जास्त होते. शिवाय हे सगळे रुग्णालयात दाखल झालेले. त्या १९.७ टक्क्यांचा घरी बसून बऱ्या झालेल्या माणसाशी काहीच संबंध लावता येत नाही, आणि तो तेव्हा सर्रास लावला गेला.

विषाणू नेमका हाच दोषी आहे का, हा प्रश्नही इथेच विचारायचा असतो. तीव्र संसर्ग कोणताही असो, हृदयावर ताण येतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्लुएंझानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यासाठी दाखल होण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट असल्याचे दिसले होते. कॉक्साकी-बी हा विषाणू हृदयस्नायुदाहाचे कारण म्हणून तर कित्येक दशके माहीत आहे. कोविडने हृदयाला त्रास होतो हे कळणे एक, आणि तो इतर विषाणूंपेक्षा जास्त होतो हे कळणे दुसरे. दुसऱ्यासाठी शेजारी इन्फ्लुएंझाचे किंवा न्यूमोनियाचे रुग्ण ठेवून मोजावे लागते. सुरुवातीच्या बहुतेक निबंधांत असा गट नव्हता.

हॅम्बुर्गचा अभ्यास ज्या दिवशी आला, त्याच दिवशी, २७ जुलै २०२० रोजी, त्याच नियतकालिकात फ्रँकफर्टचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभर गाजला तो हा. विद्यापीठ रुग्णालयाच्या कोविड नोंदवहीतील १०० माणसांच्या हृदयाचा एमआरआय करण्यात आला होता. निदानाला तेव्हा मध्यकाने ७१ दिवस होऊन गेले होते. यांपैकी ६७ जण घरीच बरे झाले होते, ३३ रुग्णालयात दाखल झाले होते. निष्कर्ष असा की ७८ जणांच्या हृदयात काहीतरी वेगळे दिसले आणि ६० जणांत दाह चालू असल्याचे मानले गेले. ‘बऱ्या झालेल्या चारपैकी तिघांचे हृदय बाधित’ हे वाक्य काही तासांत सर्वत्र पोचले.

या ७८ च्या पोटात काय होते ते पाहणे आवश्यक आहे. हृदयाच्या एमआरआयमध्ये स्नायूची टी-१ आणि टी-२ ही मूल्ये मिलिसेकंदांत मोजतात. स्नायूत पाणी साठले की टी-२ वाढते. सूज किंवा तंतुमयता असेल तर टी-१ वाढते. रंगद्रव्य दिल्यावर उशिरापर्यंत उजळ राहणारा भाग व्रण किंवा सूज दाखवतो. फ्रँकफर्टच्या १०० जणांत टी-१ वाढलेले ७३, टी-२ वाढलेले ६०, स्नायूत उजळ भाग असलेले ३२ आणि हृदयावरणात तो दिसलेले २२ होते. यांपैकी काहीही एक असले की तो माणूस ७८ मध्ये जमा. ‘असाधारण’ म्हणजे निरोगी माणसांच्या मर्यादेपलीकडचे मूल्य, आणि ही मर्यादा यंत्रागणिक बदलते. समजा, प्रत्येक मोजमापात निरोगी माणसांपैकी अडीच टक्के मर्यादेबाहेर पडतात आणि अशी पाच स्वतंत्र मोजमापे घेतली, तर पूर्ण निरोगी माणसांपैकीही जवळजवळ १२ टक्क्यांत काहीतरी एक ‘असाधारण’ निघेल. मोजमापे वाढवली की आकडा वाढतो, आजार वाढत नाही.

दुसरा मुद्दा या १०० जणांच्या प्रकृतीचा. ३६ जणांना तपासणीच्या वेळी धाप आणि थकवा जाणवत होता. ट्रोपोनिन ७१ जणांत मोजता येण्याइतके होते, पण लक्षणीय वाढलेले फक्त ५ जणांत. बहुतेकांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता नेहमीच्या मर्यादेतच होती. थोडक्यात, चित्रात फरक दिसत होता. त्या फरकाचा माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम होणार, हे अभ्यास सांगू शकत नव्हता.

तिसरा मुद्दा तुलनेचा. संशोधकांनी दोन तुलनागट घेतले होते: ५० निरोगी माणसे, आणि रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान अशा बाबतींत रुग्णांशी जुळणारी ५७ माणसे. निरोगी गटाशी केलेली तुलना कोविडचा परिणाम फुगवून दाखवते, कारण कोविड झालेल्यांपैकी अनेकांना आधीपासूनच काही ना काही विकार असतात. खरी तुलना दुसऱ्या गटाशी. निबंध आल्यानंतर काही दिवसांतच वाचकांनी तक्त्यांमधले आकडे एकमेकांशी जुळत नसल्याचे दाखवून दिले आणि ऑगस्टमध्ये दुरुस्त आवृत्ती आली. मुख्य निष्कर्ष कायम असल्याचे लेखकांनी सांगितले. चूक दाखवली जाणे आणि ती महिन्याभरात सुधारली जाणे ही विज्ञानाची नीट चाललेली रीत आहे. दुःखाची गोष्ट एवढीच की दुरुस्तीची बातमी ७८ टक्क्यांच्या बातमीच्या आसपासही पोचली नाही.

त्या बातमीचे पडसाद अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांत उमटले. ११ ऑगस्ट २०२० रोजी बिग टेन या विद्यापीठ-संघटनेने त्या हंगामातले सामने पुढे ढकलले. त्यामागच्या चर्चेत हृदयस्नायुदाहाची भीती होती. महिन्याभरानंतर ओहायो स्टेट विद्यापीठाचा अभ्यास आला. कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंपैकी ४ जणांच्या, म्हणजे १५ टक्क्यांच्या, एमआरआयमध्ये हृदयस्नायुदाहाशी जुळणाऱ्या खुणा होत्या. ट्रोपोनिन कोणाचेच वाढलेले नव्हते. संसर्ग न झालेल्या खेळाडूंचा तुलनागट नव्हता, आणि कठोर व्यायाम करणाऱ्यांचे हृदय मुळातच थोडे वेगळे असते. शिवाय २६ पैकी ४ या आकड्याचा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला काढला तर तो सुमारे ४ पासून ३५ टक्क्यांपर्यंत जातो. १५ टक्के म्हणताना हा पल्ला सोबत सांगितला नाही, तर आकडा आहे त्यापेक्षा कितीतरी पक्का भासतो.

पुढच्या वर्षी मोठे अभ्यास आले. अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या ७८९ खेळाडूंपैकी ५ जणांत, म्हणजे ०.६ टक्क्यांत, हृदयदाह आढळला. इथे एमआरआय सर्वांचा न करता आधीच्या चाचण्यांत शंका आलेल्यांचाच केला होता. बिग टेनच्या नोंदवहीत १,५९७ खेळाडूंचा सरसकट एमआरआय झाला आणि ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्क्यांत, हृदयस्नायुदाह ठरवण्यात आला. त्यांपैकी लक्षणे होती फक्त ९ जणांना. केवळ हृदयाची लक्षणे असलेल्यांचीच तपासणी केली असती, तर प्रमाण ०.३१ टक्के निघाले असते. सर्वांत बोलका तपशील असा की १३ विद्यापीठांपैकी एकात हे प्रमाण शून्य होते, तर दुसऱ्यात ७.६ टक्के. वय तेच, खेळ तेच, विषाणू तोच. इतका फरक पडण्यामागे चित्र कोण काढतो, कधी काढतो आणि कोण वाचतो याचा वाटा मोठा असणार. ३७ पैकी २७ जणांचा एमआरआय पुन्हा करण्यात आला. सूज दाखवणारे टी-२ सगळ्यांचे पूर्ववत झाले होते. व्रणासारखा उजळ भाग ११ जणांत नाहीसा झाला, उरलेल्यांत राहिला.

सौम्य कोविडनंतर हृदयात काय उरते, या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर लंडनच्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासाने दिले. या कर्मचाऱ्यांची साथीच्या पहिल्या लाटेत दर आठवड्याला तपासणी होत होती, त्यामुळे कोणाला संसर्ग झाला आणि कोणाला झाला नाही हे आठवणीवर किंवा रुग्णालयाच्या दारापर्यंत कोण आले यावर अवलंबून नव्हते. सहा महिन्यांनी संसर्ग झालेल्या ७४ आणि न झालेल्या ७५ जणांचा एमआरआय झाला. हृदयाचा आकार, काम, सूज, व्रण, कशातच दोन्ही गटांत फरक नव्हता. फ्रँकफर्टपेक्षा हा अभ्यास फार मोठा नव्हता. माणसे निवडण्याची पद्धत वेगळी होती, आणि सगळा फरक त्यातूनच आला.

मात्र यावरून सुरुवातीची भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्य-नोंदींवर आधारलेला अभ्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोविड झालेले १,५३,७६० जण होते आणि त्यांची तुलना पन्नास लाखांहून अधिक लोकांशी केली होती. वर्षभरात हृदय निकामी होण्याचा धोका कोविड झालेल्यांत सुमारे ७२ टक्के जास्त निघाला. हाच आकडा दुसऱ्या रीतीने सांगायचा तर दर हजार माणसांमागे साधारण १२ जास्तीची प्रकरणे. ७२ टक्के ऐकून धडकी भरते, हजारी १२ ऐकून जीव थोडा खाली बसतो. दोन्ही बरोबर आहेत, आणि कोणताही एक एकटा पुरेसा नाही. रुग्णालयात दाखल न झालेल्यांतही वाढ दिसली, पण दाखल झालेल्यांपेक्षा पुष्कळ कमी. हे माजी सैनिक बहुसंख्येने साठीच्या आसपासचे गोरे पुरुष होते आणि बहुतेकांचा संसर्ग लशी येण्यापूर्वीचा होता. तिशीतल्या, लस घेतलेल्या स्त्रीला हा आकडा जसाच्या तसा लावणे म्हणजे वुहानच्या १९.७ टक्क्यांची चूक पुन्हा करणे.

हृदयाच्या या सगळ्या एमआरआय-अभ्यासांत एक उणीव समान आहे: संसर्गापूर्वी त्याच माणसाचे हृदय कसे होते याची नोंद नव्हती. मेंदूच्या बाबतीत ती अचानक हाती लागली. ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पात हजारो लोकांचे मेंदूचे एमआरआय साथीपूर्वीच काढून ठेवलेले होते. त्यांपैकी ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांना पुन्हा बोलावले गेले. मधल्या काळात ४०१ जणांना कोविड होऊन गेला होता आणि त्यांपैकी १५ जणच रुग्णालयात दाखल झाले होते. मार्च २०२२ मध्ये नेचरमध्ये आलेल्या निष्कर्षानुसार संसर्ग झालेल्यांत, वासाशी संबंधित भागांत विशेषतः, मेंदूच्या ऊतीची घट इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्क्यांनी जास्त होती. आधीचे चित्र हाती असल्यामुळे ‘हे आधीपासूनच असेल’ या शंकेचे बळ पुष्कळ कमी झाले. वास जाण्याने त्या भागांचा वापर थांबला आणि म्हणून घट झाली, की विषाणूने किंवा दाहाने थेट केली, हे मात्र दोन चित्रांवरून ठरत नाही. ही घट पूर्ण गटाची सरासरी आहे, म्हणून एखाद्या व्यक्तीच्या स्कॅनवर बोट ठेवून हा कोविडचा परिणाम असे सांगता येत नाही. ती पुढे भरून निघते की तशीच राहते, यासाठी त्याच माणसांचे तिसरे स्कॅन लागते. बिग टेनच्या खेळाडूंमध्ये सूज ओसरली आणि काहींचे व्रण राहिले, हे कळले तेही पुन्हा एकदा एमआरआय केल्यावरच.